शेऱ्याचा रकाना

पोकलेन आपल्या पायांनी येत नाही.
साखळ्या डांबर ओरबाडतात, म्हणून त्याला
ट्रेलरच्या पाठीवर बसवून आणतात,
सोंड पोटाशी घेऊन निजलेलं.
त्या रात्री ते शीळ फाट्याला अडकलं,
पुढे कांद्याचे ट्रक, मागे दुधाचा टँकर,
आणि मी फोनवर फोन लावत होतो
हिराजी मढवीला. मशीन त्याचं.
"निंगालंय साहेब, निंगालंय!"
रात्री तीनलाही आवाज असा,
की हळदीच्या मांडवातून बोलतोय.

मुंब्रा बायपासवर डोंगराची एक कूस खाली बसली होती.
टेम्पोएवढे दगड, तांबडा चिखल,
मुळांसकट आडवा एक करंज.
दोन्हीकडे दिव्यांची रांग,
पलीकडच्या रांगेत एक ॲम्ब्युलन्स,
तिला कळव्याच्या हॉस्पिटलात जायचं होतं.

माझं काम लॉगशीट.
चालू कधी, बंद कधी, डिझेल किती लिटर.
अवर-मीटर: चार हजार आठशे बारा पूर्णांक सहा.
भाडं तासावर, म्हणजे इंजिनाच्या तासावर.
बाकीचे तास कुणाचेच नसतात.

गेमसिंग राठोड केबिनमध्ये चढला तो अनवाणी.
बूट घातला की पेडल कळत नाही, म्हणाला.
आधी बकेट नुसतीच फिरवली दगडांवरून,
बिथरलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी,
मग दात लावले.
डंपर भरत गेले, जात गेले.
करंज उचलला तेव्हा त्यातून एक कावळा
ओरडत उडाला, इतका वेळ तिथेच होता.

पाच वाजून दहा मिनिटं.
दाताला काहीतरी लागलं.
दगड लागला की मशीन अंगभर हादरतं,
हे मऊ लागलं, आणि चिरकलं.
बॅटरीच्या उजेडात पिवळं रेक्झिन.
रिक्षा.

गेमसिंगने चावी फिरवली.
इंजिन गेलं आणि अख्खा बायपास उघडा पडला.
मागचे ट्रक एकेक करून विझत गेले
पार वळणापर्यंत.
ॲम्ब्युलन्सवाल्यानेही इंजिन बंद केलं.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
फावडी, घमेली, शेवटी नुसते हात.
मध्येच कुणीतरी बोट वर करायचा
आणि चिखलात हात तसेच ठेवून
सगळे थांबायचे.
पाणी ऐकू यायचं, खाली खाडीकडे जाणारं.
दुसरं काही नाही.
पुन्हा हात.

चाळीस मिनिटांनी सीट दिसली. रिकामी.
हँडलला लिंबू-मिरची,
सीटखाली जेवणाचा डबा, झाकण घट्ट.

मग गर्दीतून एक माणूस पुढे आला,
डोक्यावर ओला टॉवेल,
मुठीत चहाचा कागदी कप, चुरगळलेला.
"माझी आहे," म्हणाला.
खलील दळवी, राहणार कौसा.
दरड आली तेव्हा सायकलवाल्याकडे चहा पीत होता.
कुणी शिवी दिली, कुणी हात उगारला:
इतका वेळ तोंड शिवलं होतं का रे?
तो म्हणाला,
"सगळे एवढे गप्प झालात...
मग मी पण ऐकत राहिलो.
आत असलो तर."

गेमसिंगने त्याला काही विचारलं नाही.
तळवा शर्टाला पुसला, चावी फिरवली.
मीटर पुढे सरकलं.

हिशेब खात्याने लाल गोल केला.
यंत्र बंद, चाळीस मिनिटं. कारण?
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
बिघाड, डिझेल संपणे, जेवण, पाऊस,
एवढंच चालतं त्यांना.
मी लिहिलं: ऐकणे.
फाइल परत आली. दरपत्रकात नाही.
मढवी म्हणाला, "बिघाड लिव ना, मोकला हो."
पण मशीन बिघडलं नव्हतं.
मी खोडलं नाही.

ॲम्ब्युलन्स सव्वासातला सुटली.
पुढचं माझ्या कागदात नाही.
मी विचारलंही नाही, हे मात्र मला माहीत आहे.

श्रावण संपता संपता खलील आला,
विम्यासाठी पंचनाम्याची नक्कल हवी होती.
टेबलावर फाइल उघडीच होती.
त्याने रकान्यावर बोट ठेवलं,
दोनदा वाचलं.
"चाळीसच मिनिटं?"
होय, म्हटलं.
"जास्त वाटलेली."